एम. एस. इन झाडलोट

ऑक्टोबर उजाडला की आमच्या स्टुटगार्टमध्ये दोन गोष्टींची आवक वाढते : द्राक्षं आणि मराठी मुलं. द्राक्षं येतात ती थेट शहराच्या मध्यापर्यंत उतरलेल्या मळ्यांतून, मुलं येतात फ्रँकफर्ट विमानतळावरून. द्राक्षांचं पुढे काय करायचं हे इथल्या लोकांना शेकडो वर्षं पक्कं ठाऊक आहे. मुलांचं काय करायचं हे दर वर्षी नव्याने ठरवावं लागतं, आणि त्या कामावर माझी नेमणूक झालेली आहे.

ती कुणी केली ते सांगता येणार नाही. इथे मी बरीच वर्षं राहते, स्वयंपाकघरातलं टेबल मोठं आहे आणि कुणाच्या तरी चुलतजावेने कुठल्या तरी भिशीत माझा नंबर सांगून टाकला, एवढंच माझं क्वालिफिकेशन. गणपती उठले की फोन सुरू होतात. "ताई, तुम्ही मला ओळखत नाही, मी साताऱ्याहून बोलतेय. आमचा मुलगा तुमच्या गावात एम. एस. करायला येतोय. हुशार आहे हो, फक्त त्याला घरातलं काही येत नाही." हे वाक्य मी कोल्हापुरी, वऱ्हाडी आणि मालवणी अशा सगळ्या वळणांनी ऐकलेलं आहे. या साताऱ्याच्या ताईंनी तर पुढे अभिमानाने सांगितलं, "बावीस वर्षांत पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नाही मी त्याला." त्यांना काळजी होती थंडीची, गोमांसाची आणि गोऱ्या मुलींची. मला पेल्याची लागली.

जर्मनीत २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत आपला पहिला नंबर, चिनी मुलं मागे पडली. त्यातली मराठी किती, हे मला माझ्या सिंकमधल्या चहाच्या कपांवरून समजतं. स्टुटगार्टकडे त्यांचा ओढा असणं साहजिक आहे. चाकणला जिचा कारखाना ती मर्सिडीज इथली, नाशिकला जिचा कारखाना ती बॉश इथली, आणि जिचं पोस्टर हॉस्टेलच्या भिंतीवर लावून पोरं इंजिनिअरिंगची चार वर्षं काढतात ती पोर्शही इथलीच. शिवाय १९६८ पासून मुंबई आणि स्टुटगार्ट ही भगिनी-शहरं आहेत. असतील बहिणी, पण एक रात्रभर झोपत नाही आणि दुसरी रात्री दहानंतर कुणाला हूं की चूं करू देत नाही.

इथवर पोचण्याआधी या मुलांनी काय काय पार केलेलं असतं! मॅक्सम्युलर भवनातले जर्मनचे वर्ग, पदवीच्या कागदांची छाननी झाल्याचं एपीएसचं प्रमाणपत्र (२०२२च्या नोव्हेंबरपासून ते सक्तीचं झालं आणि पालकांच्या बीपीच्या गोळ्या वाढल्या), व्हिसाची तारीख मिळेपर्यंत पाण्यात ठेवलेले देव. मग ब्लॉक्ड अकाउंट. हा प्रकार ज्याने शोधला तो नक्की एखाद्या सुनेची सासू असणार. बापाने बँकेचं कर्ज काढून ११,९०४ युरो जर्मनीतल्या खात्यात भरायचे आणि त्या खात्याने मुलाला महिन्याला मोजून ९९२ द्यायचे. स्वतःच्याच पैशातून मिळणारा हा खाऊचा पैसा. महिनाअखेर एखादा पोरगा माझ्याकडे तीनदा वरणभात खातो आणि खात्यात सात हजार युरो पडून असतात. त्यातून आमचं राज्य पडलं काटकसरी श्वाबियन लोकांचं. बाकी जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणाची फी नाही म्हणून मुलं इकडे वळतात, आणि नेमकं बाडेन-व्युर्टेम्बर्गने २०१७पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्रामागे १५०० युरो लावलेले आहेत. इथे पैसा सोडतात तो पावती घेऊनच.

एवढी तयारी करून आलेला मुलगा पहिला आपटतो तो कचऱ्याच्या डब्यावर.

डबा एक असता तर प्रश्न नव्हता. कागदाचा वेगळा, भाज्यांच्या सालींचा वेगळा, प्लास्टिकच्या वेष्टनांचा पिवळा, आणि ज्याला कुणीच वाली नाही त्या कचऱ्याचा वेगळा. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या टाक्यांत, त्याही रंगानुसार : पांढरी, तपकिरी, हिरवी. निळी बाटली कुठे टाकायची, हा प्रश्न लातूरच्या एका मुलाने मला रात्री साडेअकराला मेसेज करून विचारला होता. हिरव्यात. मुलगा मेकॅट्रॉनिक्सचा, गेटच्या परीक्षेत चांगला स्कोअर आणलेला; पण दह्याच्या रिकाम्या कपापुढे तो हतबल होऊन उभा होता. झाकणाचा पत्रा कपापासून पूर्ण सोडवायचा असतो, कारण छाननीचं यंत्र दोन्ही चिकटलेले असले तर ओळखत नाही. आणि ज्या बाटल्यांवर अनामत असते त्या तर कचरा नव्हेतच. त्या दुकानातल्या यंत्राला परत करायच्या. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट. रुपयांत हिशेब होईपर्यंत पोरांना त्याचं काही वाटत नाही. हिशेब झाला की मग खोलीच्या कोपऱ्यात बाटल्यांचा जो डोंगर उभा राहतो त्याला मी त्यांची फिक्स्ड डिपॉझिट म्हणते.

काचेच्या टाकीपर्यंत पोचलं म्हणजेही सुटका नाही. ती दिवसा वापरायची, रविवारी अजिबात नाही. बाटली फुटण्याच्या आवाजाने लोकांच्या विश्रांतीत व्यत्यय येतो. समोरच्या इमारतीत एक निवृत्त गृहस्थ खिडकीच्या कट्ट्यावर कोपरांखाली उशी घेऊन बसलेले असतात. ते काही बोलत नाहीत, नुसते बघतात. आमच्या मुलांपैकी एकाने रविवारी दुपारी लोणच्याची बरणी टाकीत सोडली, खळ्ळकन आवाज झाला, आणि उशीवरची कोपरं सरळ झाली. त्यानंतर त्या मुलाने ती गल्लीच सोडली. आता तो कॉलेजला लांबच्या रस्त्याने जातो.

इथला रविवार हा वेगळ्या निबंधाचा विषय आहे. दुकानं बंद, रस्ते सामसूम, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. आपल्याकडे असं काही ठरवायला संघटना लागते, मोर्चा लागतो. इथे ते १९१९च्या वायमार राज्यघटनेत लिहिलेलं आहे आणि १९४९च्या नव्या घटनेने ते कलम जसंच्या तसं उचलून आत घेतलं आहे. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून कायद्याने राखलेला. आता गंमत अशी, की तिकीट स्वस्त पडतं म्हणून मुलं नेमकी शनिवारी रात्री उतरतात. शहरात त्यांचा पहिला दिवस रविवार. बॅगेत कुकर असतो, कुकरात गोडा मसाला असतो, मेतकूट असतं, भडंगाची दोन पाकिटं असतात, तांदूळ नसतो. "काकू, इथे संचारबंदी आहे का?" असा फोन मला दर ऑक्टोबरात येतो. भारतीय राज्यघटनेतलं एक कलम धड न आठवणाऱ्या या पोरांना जर्मन घटनेतलं १४० वं कलम उपाशीपोटी पाठ होतं.

मग खोलीचा शोध. वसतिगृहाची यादी लांबच लांब. उरते ती चार जणांच्या फ्लॅटमधली एक रिकामी खोली, आणि तिथे मुलाखत घेतात आधीचे तिघं, स्वयंपाकघरात बसून. आपला उमेदवार इस्त्रीचा शर्ट घालून मार्कशीटची फाइल घेऊन जातो. फाइलकडे कुणी ढुंकून बघत नाही. आठवड्यातून किती वेळा स्वयंपाक करतोस? भांडी लगेच घासतोस की दुसऱ्या दिवशी? संडास शेवटचा कधी साफ केला होतास? या तिसऱ्या प्रश्नावर मी भलेभले सुवर्णपदकवाले गारद झालेले पाहिलेत. जळगावच्या एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, "आमच्याकडे त्याला माणूस येतो." खोली एका पोलिश मुलीला मिळाली.

अशी चार-पाच ठिकाणी नापास झालेली मुलं शेवटी एखाद्या आजीबाईंच्या घरातली माडीवरची खोली धरतात, आणि इथून खरा अभ्यासक्रम सुरू होतो. साताऱ्याच्या ताईंचा मुलगा अशाच एका आजीबाईंकडे लागला. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, नवऱ्याने आयुष्यभर गाड्यांच्या कारखान्यात नोकरी करून बांधलेलं तीन मजली घर. पुण्यात बी-वनपर्यंत जर्मन शिकून आलेल्या या मुलाला आजीबाईंच्या बोलण्यातलं पहिल्या दिवशी काहीही कळलं नाही, कारण त्या श्वाबियन बोलत होत्या. त्यांनीही समजावून घेतलं आणि सरळ कृतीवर आल्या. त्याच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी अडकवली आणि हातात झाडू दिला.

केअरवोखे. जिना झाडायचा आठवडा. ज्याच्या दाराला पाटी त्याने त्या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना झाडायचा, पुसायचा, कठडा फडक्याने टिपायचा आणि शनिवारी काम उरकून पाटी शेजारच्या दाराला नेऊन लावायची. ही झाली लहान. मोठीत अंगण, तळघर, कचऱ्याच्या डब्यांची जागा आणि घरापुढचा फुटपाथ येतो. इथले लोक या प्रथेचं मूळ थेट १४९२पर्यंत नेतात. त्या वर्षी काउंट एबरहार्डने शहराला जे नियम घालून दिले त्यांत ज्याने त्याने आपल्या दारापुढची घाण आठवड्याला हलवावी असं एक कलम होतं. म्हणजे कोलंबस भारत शोधायला निघाला त्याच वर्षीची ही गोष्ट. कोलंबसाला भारत काही सापडला नाही, पण भारतीयांना केअरवोखे बरोबर सापडली. नगरपालिकेने १९८८मध्ये ही सक्ती आपल्या नियमांतून काढून टाकली म्हणतात. भाडेकरारांतून ती हललेली नाही, आणि आजीबाईंच्या मनातून हलण्याचा तर प्रश्नच नव्हता.

पहिल्या शनिवारी मुलाचा फोन आला. "काकू, मी जिना बघितला. कचराच नाही. काय झाडू?"

आता हे त्याला कसं समजावणार? कचरा असेल तर झाडायचं, हा आपला हिशेब. कचरा होण्याआधी झाडायचं, हा इथला. आणि नुसतं झाडून भागत नाही, झाडल्याचं चार घरांना कळलं पाहिजे. जुन्या श्वाबियन बायका म्हणे बादली मुद्दाम पायऱ्यांवर आपटत नेतात. मी त्याला म्हटलं, "बाळा, तू बादलीचा आवाज कर. बाकी पुढचं पुढे." रत्नागिरीच्या एका मुलाला मी एवढंच सांगून गप्प बसले, तर त्याने अंगणात सडा घालावा तशी अख्खी बादली जिन्यावर ओतली होती. जिना शिसवी लाकडाचा नसला तरी लाकडाचाच होता. पाणी तळघरापर्यंत गेलं आणि तिथल्या सफरचंदांच्या पेट्यांत शिरलं. त्या घरच्या मालकीणबाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी त्याला ती सगळी सफरचंदं एकेक करून पुसायला लावली.

साताऱ्याचे चिरंजीव मात्र पहिल्या परीक्षेत काठावर पास झाले. आजीबाई खाली उभ्या राहिल्या, कठड्याच्या खालच्या अंगाने बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि "जमेल" अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटल्या. श्वाबियन माणसाने एवढं म्हणणं म्हणजे आपल्याकडे हत्तीवरून साखर वाटण्यासारखं आहे, असं मी त्याला सांगितलं. त्याने झाडूसकट सेल्फी काढून घरच्या ग्रुपवर टाकला. साताऱ्यात हाहाकार उडाला. आजीने डोळ्याला पदर लावला, की एवढं कर्ज काढून पोराला साहेब करायला पाठवलं आणि तिकडे त्याच्या हातात केरसुणी दिली. वडिलांनी ब्लॉक्ड अकाउंटची कागदपत्रं पुन्हा वाचून बघितली, त्यात झाडूचा उल्लेख कुठे राहून गेला का. आईने फोटो मोठा करून बघितला आणि पहिला प्रश्न केला, "कोपऱ्यातून काढलास का केर?"

नाशिकची एक मुलगी तेव्हा माझ्याकडे पोहे खात बसलेली होती. तिने तो फोटो बघितला, त्याखालचे टाळ्यांचे पन्नास इमोजी बघितले आणि म्हणाली, "काकू, मी आठवीपासून घर झाडते. माझा एक फोटो कुणी ग्रुपवर टाकला असेल तर दाखवा." मी तिला आणखी पोहे वाढले. दुसरं काय करणार! मुलींना इथे झाडू नवा नसतो. नवं असतं ते हे, की शेजारचा मुलगाही झाडतोय आणि त्याला कुणी "राहू दे रे, मी करते" म्हणत नाहीये. गाडी सुटल्यासारखी या मुलींची प्रगती होते. मुलांना निदान पहिलं सत्र लागतं.

मग येतो बर्फ. मराठवाड्यातून आलेला मुलगा पहिल्या हिमवर्षावात वेड्यासारखा बाहेर धावतो, तोंड वर करून रील काढतो, आईला व्हिडिओ कॉल लावतो. मग त्याला समजतं, की मोठ्या केअरवोखेत बर्फही येतो. घरापुढचा फुटपाथ कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत मोकळा हवा. कुणी घसरून पडला तर जबाबदारी पाटीवाल्याची. दुसऱ्या हिमवर्षावाचा रील माझ्या पाहण्यात नाही.

स्वयंपाकाकडे वळू. २०१४ संपेपर्यंत आमच्या राज्यातल्या सगळ्या घरांत धुराची घंटा बसवणं सक्तीचं झालं. कायदा करणाऱ्यांनी बेडरूमचा विचार केला, बाहेर पडायच्या वाटेचा विचार केला, फोडणीचा केला नाही. मुलगा तेल तापवतो, मोहरी टाकतो, आई फोनवरून सांगते "अजून तडतडू दे", लाल मिरची पडते, ठसका लागतो, मुलगा धूर जायला म्हणून स्वयंपाकघराचं दार उघडतो आणि धूर सरळ बोळातल्या घंटेखाली जाऊन उभा राहतो. आजीबाईंच्या घरात हे रात्री सव्वानऊला घडलं. तिन्ही मजल्यांवरची माणसं गाउन घालून खाली जमली. वरणाला फोडणी घालताना हे झालं, हे त्यांना सांगताना त्याचं बी-वन जर्मन पार संपलं. आजीबाई वर आल्या, कढईत डोकावल्या, वास घेतला. त्यांचा आक्षेप धुराला नव्हताच. खिडकी बंद होती, याला होता.

खिडकी हा या देशातला दुसरा धर्म. भर थंडीत दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं वारं खेळू द्यायचं, मग लावायच्या. नाही तर भिंतींना बुरशी धरते आणि त्याचा खर्च भाडेकरूच्या अनामतीतून निघतो. त्यामुळे जानेवारीत एका बाजूला साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर आई ओरडत असते, "अरे लाव ती खिडकी, छातीत कफ होईल!" आणि दुसऱ्या बाजूला खालून आजीबाई काठीने छत ठोकत असतात, की उघड. मधे हा पोरगा, कानटोपी घालून, उणे चार अंशांत, दोन्ही घराण्यांचा मान राखत उभा.

या सगळ्यात विद्यापीठ कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. आहे ना, फायहिंगेनला आहे, लोकल थेट त्याच्या पोटात थांबते. तिथे तुलनेने सोपं असतं. नऊचं व्याख्यान सव्वानऊला सुरू होणं ही जर्मन विद्यापीठांची शेकडो वर्षांची अधिकृत परंपरा आहे आणि तिच्याशी जुळवून घ्यायला आजवर एकाही मराठी मुलाला त्रास झालेला मी ऐकलेला नाही. पहिलं सेमिनार झाल्यावर वर्ग टाळ्या वाजवत नाही, बाकं ठोकतो. सांगलीचा एक मुलगा आपल्याला हुसकावून लावताहेत असं समजून खाली बसला होता. मार्कांचं मात्र घरी समजावणं अवघड. इथे १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे कसाबसा पास. आपल्याकडचा दहापैकी ८.२ सीजीपीए इथल्या सूत्रात घातला, पास व्हायला ४ लागतात असं धरून, तर येतो १.९. "१.३ मिळाले!" असं आनंदाने ओरडलेल्या मुलाला फोनवर पलीकडून दीर्घ शांतता ऐकू येते आणि मग वडिलांचा समजूतदार आवाज : "असू दे. पुढच्या वेळी वाढव."

वक्तशीरपणाबद्दलही मुलं फार ऐकून आलेली असतात. मग रेल्वे भेटते. सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर झालेली गाडी वेळेवर आली असं इथे धरतात, आणि तसं धरूनही २०२४मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर पोचल्या. आमच्या मुख्य स्टेशनाचं काम २०१०मध्ये सुरू झालं, २०१९मध्ये संपायचं होतं, आणि अजून फलाटावर जायला पत्र्याच्या बोळांतून वळसे घ्यावे लागतात. पुण्याची मुलं ते बोळ बघून पहिल्यांदा जरा सैलावतात. कुणी कुणी तर तिथे उभं राहून घरी फोन लावतं.

नोव्हेंबरनंतर साडेचारला अंधार पडतो. तेव्हा माझ्याकडे येणारे फोन वेगळे असतात. "काकू, डाळ शिजत नाहीये", "काकू, वरणात हिंग आधी की नंतर?" डाळ शिजलेली असते; त्याला हिंगही माहीत असतो. मी ओळखते आणि बोलवून घेते. किंवा आजीबाईच दार ठोकतात. डिसेंबरात एका संध्याकाळी त्यांनी साताऱ्याच्या मुलाला खाली बोलावून इथली मसुराची आमटी वाढली, तिच्यात पिठाचे शिजवलेले लांबट तुकडे घातलेले, वरचा सॉसेज त्याच्यासाठी काढून ठेवलेला. त्याने एक घास खाल्ला आणि मला टेबलाखालून मेसेज केला, "काकू, ही वरणफळं आहेत!" आजीबाईंना त्याने कशी कोण जाणे, ती कृती सातशे वर्षं सह्याद्रीत चालू असल्याचं पटवून दिलं. सातशेचा आकडा त्याचा, मला विचारू नका. आजीबाईंनी ऐकून घेतलं आणि ताट धुवायला त्याच्याकडे सरकवलं.

दुसऱ्या सत्रानंतर ही मुलं जी होतात, ती त्यांच्या आईबापांनाही ओळखू येत नाहीत. रात्री दहानंतर आईचा फोन आला तर "हळू बोल गं, शेजारी झोपलेत" असं दबक्या आवाजात सांगतात. शेजारी साताऱ्यात नसतात, इथे असतात, हे तिला उमगायला वेळ लागतो. निर्मनुष्य रस्त्यावर मध्यरात्री लाल दिव्यापाशी पुतळ्यासारखी थांबतात. दंड पाच युरोचाच आहे, पण खिडकीत कुणी लहान मूल बघत असेल तर त्याला वाईट वळण लागेल, अशी त्यांची काळजी! नव्या तुकडीतल्या मुलाने दह्याचा कप झाकणासकट टाकला तर ज्या नजरेने ती त्याच्याकडे बघतात ती मी ओळखते. कोपरांखाली उशी तेवढी नसते.

जूनमध्ये साताऱ्याचे आईवडील आले. वडिलांनी पहिल्याच दिवशी पाण्याची रिकामी बाटली स्टेशनवरच्या डब्यात टाकली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या इंजिनिअर मुलाने खांद्यापर्यंत हात घालून ती बाहेर काढली. "बाबा, पंचवीस सेंट आहेत ते!" वडील आजूबाजूला बघत राहिले, कुणी ओळखीचं नाही ना. ताईंच्या मनात वेगळंच होतं. त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, की याला पीएच. डी.ची ऑफर आहे म्हणे, पण पुरे झालं आता, दोन स्थळं बघून ठेवली आहेत, तुम्ही जरा समजवा त्याला.

शनिवारी मी त्यांना भेटायला आजीबाईंच्या घरी गेले. नेमकी मुलाच्या दाराला पाटी होती. तो जिना पुसून वरून खाली येत होता, फडकं पिळून, पायरीचा कोपरा बोटाने साधत. ताई तळाशी उभ्या राहून बघत होत्या. बाजूला आजीबाई. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मुलगा शेवटच्या पायरीवर पोचला तशा आजीबाई पुढे झाल्या, कठड्याच्या खालून बोट फिरवलं, पाहिलं, ठीक होतं. मग ताई पुढे झाल्या. त्यांनी पायऱ्यांच्या मागची, भिंतीला लागून असलेली फट चाचपली, जिकडे आजीबाईंचं इतक्या वर्षांत लक्ष गेलं नसावं, आणि काळं झालेलं बोट वर करून दाखवलं. आजीबाईंनी ते बोट नीट न्याहाळलं. मग ताईंकडे पाहिलं, आदराने मान तुकवली आणि दोघींनी एकदम मुलाकडे बघितलं. तो बादली भरायला परत वर गेला.

जाता जाता ताईंनी मला कोपऱ्यात घेतलं. "त्याला म्हणावं, कर पीएच. डी.," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण खोली बदलायची नाही. याच आजींकडे राहा म्हणावं."